माशी शिंकली कोठे?

'कामात माशी शिंकली' हा वाक्प्रचार मी गेली वीस वर्षे वर्गात समजावून सांगत आलो आहे. माशीला नाक नाही, तर ती शिंकते कशी, असा प्रश्न दर वर्षी मागच्या बाकावरून एक तरी विद्यार्थी विचारतो. मी त्याला लक्षणा आणि व्यंजना यांच्या वाटेने नेऊन खाली बसवतो. वर्ग हसतो, तास संपतो आणि माशी जेथल्या तेथे राहते.

मराठी भाषेने माशीला राबवून घेतले आहे फार. रिकामटेकडा मनुष्य माशा मारतो. तापट मनुष्य नाकावर माशी बसू देत नाही. मंद माणसाच्या तोंडावरची माशी हलत नाही. नक्कल करणारा कारकून मूळ कागदावर माशी चिकटलेली पाहून आपल्या प्रतीवरही एक माशी मारून चिकटवतो, आणि 'मक्षिकास्थाने मक्षिका' या म्हणीला कारण होतो. व्याकरणातही माशी गप्प बसत नाही. 'मासा' आणि 'माशी' या दोन शब्दांची षष्ठी अनेकवचनात एकच होते, त्यामुळे 'माशांचा बाजार' म्हटले म्हणजे तेथे पापलेट मिळते की नुसतेच घोंघावणे ऐकू येते, हे संदर्भावरून ठरवावे लागते. सुदैवाने बहुतेक ठिकाणी दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडतात!

इतके सगळे सांगणारी आपली भाषा एक गोष्ट मात्र सांगत नाही: ही माशी येते कोठून? मलाही हा प्रश्न कधी पडला नव्हता. तो पडला २०२४ सालच्या जून महिन्यात, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत माझ्या हातून दोन चुका घडल्या. त्यांपैकी एक मी माझ्या आईच्या बाबतीत केली आणि दुसरी एका परक्या बाईच्या बाबतीत. घरातील माशा औषधी फवारा न मारता कशा घालवाव्या, हे या लेखात मी सांगणार आहेच. पण त्या दोन चुका गाळून ते सांगता येणार नाही.

*

पुण्यात आमचे बिऱ्हाड पहिल्या मजल्यावर आहे. मी, सौ., दोन मुले आणि शहात्तर वर्षांची आई. पावसाचे दोन शिडकावे झाले होते आणि आंब्याचा शेवटचा रस ताटात होता. मी वरणभाताचा पहिला घास उचलला, तो त्यात एक माशी. 'प्रथमग्रासे मक्षिकापातः' हे वचन मी आजवर लाक्षणिक अर्थानेच वापरत आलो होतो. त्या दिवशी ते वाच्यार्थाने समोर आले. पाहतो तो ओट्यावर माशा, रसाच्या पातेल्यावर माशा, देवाच्या नैवेद्यावर माशा, आईच्या चष्म्यावर माशा.

त्याच संध्याकाळी मी बाजारातून फवाऱ्याचा डबा आणला आणि स्वयंपाकघरात मनसोक्त फवारला. खोलीत माणसे असता फवारू नये, नंतर दारे-खिडक्या उघडून हवा खेळू द्यावी, असे त्या डब्यावर स्वच्छ छापलेले होते. ते मी वाचले नाही. छापील मजकुराशी ज्याचा दिवसभराचा संबंध, त्याने नेमका हाच मजकूर वाचू नये, याला काय म्हणावे? आई शेजारच्या खोलीत जप करीत बसली होती. तिला दम्याचा विकार. तासाभरात तिला धाप लागली आणि रात्री अकरा वाजता आम्ही तिला घेऊन डॉक्टरांकडे धावलो. तोंडावर वाफेचा मुखवटा लावून ती बसली होती आणि मी बाहेरच्या बाकावर, हात गुडघ्यांत घालून.

डॉक्टरांनी निक्षून सांगितले, "घरात फवारा नको. डासांची कॉइल नको. आणि कडुनिंबाचा, उदाधुपाचा धूरसुद्धा नको. धूर घरगुती असला तरी छातीला तो धूरच."

परतताना रिक्षात आई एवढेच म्हणाली, "अरे, माशांनी मी मेले नसते रे."

या वाक्यानंतर आमच्या घरात बिनफवाऱ्याचे युद्ध सुरू झाले.

*

शत्रूवर चाल करायची म्हणजे शस्त्रे हवीत. मेहुणीने फोनवरून सांगितले की लिंबाच्या अर्ध्या फोडीत दहा लवंगा खोचून ठेवाव्या, माशी फिरकत नाही. ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मधल्या लवंगेवर एक माशी पाय घाशीत बसली होती. कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात पाणी भरलेली पारदर्शक पिशवी टांगलेली असते आणि तिच्यात एक नाणे; तीत आपली अनेक प्रतिबिंबे पाहून माशी घाबरते म्हणे. तीही टांगली. माशा पिशवीवर बसून आपली प्रतिबिंबे पाहू लागल्या.

मग मी जाळीदार पट्टी आणली. या साध्या हत्याराला इतिहास आहे. रॉबर्ट माँटगोमेरी नावाच्या अमेरिकन माणसाने १९०० साली तारेच्या जाळीच्या माशा मारण्याच्या पट्टीचे पेटंट घेतले. पुढे १९०५ साली कॅन्सस राज्याचे आरोग्याधिकारी डॉ. सॅम्युएल क्रंबाइन यांनी 'माशी मारा' अशी चळवळच उभारली आणि ही पट्टी घरोघर गेली. पट्टीला भोके का, तर सपाट वस्तू खाली येताना पुढची हवा ढकलीत येते आणि माशीला ती वर्दी मिळते. जाळीतून हवा आरपार जाते आणि वर्दी पोचत नाही. माशीचा डोळाही आपल्यापेक्षा कितीतरी चपळ. दिवा सेकंदाला साठेक वेळा लुकलुकला की आपल्याला तो अखंड जळतो आहे असे वाटते. माशीला अडीचशेच्या आसपास लुकलुकी वेगवेगळ्या दिसतात. म्हणजे आपला झपाटा तिला संथ आळसासारखा दिसत असला पाहिजे! २००८ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी चिलटांच्या उड्डाणाचे अतिवेगवान चित्रण करून दाखवले की फटका कोणत्या दिशेने येतो आहे हे पाहून हा जीव उडण्याआधीच आपले पाय त्याप्रमाणे मांडून घेतो. तात्पर्य, माशी जेथे बसली आहे तेथे मारू नये. ती जेथे उडी घेईल तेथे, किंचित पुढे मारावे.

हे तंत्र साधल्यावर एका रविवारी मी त्रेचाळीस माशा मारल्या. धाकट्याने वहीत हिशेब ठेवला. सोमवारी सकाळी ओट्यावर तितक्याच माशा होत्या.

*

आता दुसरी चूक.

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक भाजीवाल्या मावशी बसत. अकरा वर्षे त्यांची जागा ठरलेली. समोर चार टोपल्या, एक ताडपत्री, एक तागडी. मेथीचा पाला, कोबीची पाने, एखादे नासके टोमॅटो बाजूला पडलेले आणि त्यांवर माशा. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्यावर. मला शंका उरली नाही. जुलैच्या पहिल्या रविवारी सोसायटीच्या सभेत मी उभा राहिलो आणि सार्वजनिक आरोग्यावर बारा मिनिटे बोललो. आईच्या दम्याचाही उल्लेख केला. उपमा चांगल्या जमल्या, टाळ्या पडल्या, ठराव झाला. दुसऱ्या दिवशी मावशींना जागा सोडायला सांगितले गेले.

मी महाविद्यालयात निघालो होतो तेव्हा त्या टोपल्या एकात एक घालीत होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सर, माशा माझ्याकडं येत्यात. जल्मत न्हाईत."

मी घड्याळाकडे पाहिले आणि पुढे गेलो. माणसाला उत्तर द्यायचे नसते तेव्हा घड्याळ फार उपयोगी पडते.

पंधरा दिवस गेले. फाटक स्वच्छ झाले. माशा तितक्याच राहिल्या; थोड्या वाढल्याच म्हणा ना.

*

प्राध्यापक-कक्षात माझ्या शेजारच्या खुर्चीवर प्राणिशास्त्राचे एक सहकारी बसतात. मितभाषी गृहस्थ. मी त्रेचाळीस माशांचा पराक्रम सांगितला तेव्हा त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "सर, तुम्ही माशा मारीत नाही आहात. तुम्ही फक्त पीक कापता आहात. शेत कोठे आहे ते पाहिलेत का?"

मग त्यांनी घरमाशीचा संसार मला समजावून सांगितला. मादी एका वेळेस पाऊणशे ते दीडशे अंडी घालते. तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरी. अशा पाच-सहा खेपा. म्हणजे दोन-तीन आठवड्यांच्या आयुष्यात सुमारे पाचशे अंडी. ती उघड्या फरशीवर घालीत नाही. तिला ओलसर, कुजणारे, किंचित आंबलेले काही तरी लागते: शेण, विष्ठा, ओला कचरा, सडलेला पाला. एका दिवसाच्या आत अंड्यातून अळी निघते. अळी चार-पाच दिवस अधाशासारखी खाते. मग ओल सोडून कोरड्या कडेला सरकते आणि तपकिरी कोषात जाते. तेथून चार-पाच दिवसांनी नवी माशी. उष्ण दिवसांत अंडे ते माशी हा प्रवास आठ-दहा दिवसांत पुरा होतो.

"म्हणून," ते म्हणाले, "भाजीवालीकडे माशा खायला येतात. तिचा पाला रोज संध्याकाळी उचलला जात असेल, तर तेथे अळीला माशी होण्याइतका वेळच मिळत नाही. माशी खाते कोठे हे सगळ्यांना दिसते. ती जन्मते कोठे हे शोधावे लागते."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. मावशी रोज अंधार पडताना उरलेला पाला गोणीत भरून शेळ्यांसाठी घरी नेत असत, हे मी अकरा वर्षे पाहत होतो. आणि हे गृहस्थ जे शास्त्राच्या भाषेत अर्धा तास सांगत होते, ते मावशींनी मला चार शब्दांत सांगितले होते.

*

फवाऱ्याविषयीही त्यांनी जे सांगितले ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्यूलर यांनी १९३९ साली शोधला आणि १९४८ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. आता जगातून माशी संपली, असे लोकांना वाटू लागले होते. परंतु पारितोषिक मिळण्याच्या आधीच, १९४६-४७ च्या सुमारास, स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये डीडीटीला दाद न देणाऱ्या घरमाशा आढळल्या होत्या! फवाऱ्यातून ज्या वाचतात त्यांचीच प्रजा पुढे वाढते आणि दर दहा दिवसांनी पिढी बदलते. मग औषध हरायला किती उशीर? १९६२ साली रेचेल कार्सन यांच्या 'सायलेंट स्प्रिंग' या ग्रंथाने या औषधांची दुसरी बाजू जगापुढे मांडली. त्यानंतर औषधे बदलली, माशी तीच राहिली.

याउलट सापळ्यांची एक हकीकत. १९८८ आणि १९८९ साली इस्रायलमध्ये सैन्याच्या छावण्यांत प्रामुख्याने आमिषाचे सापळे लावून माशा कमी करण्याचा प्रयोग झाला. माशा ६४ टक्क्यांनी घटल्या आणि रक्ती आवेच्या एका प्रकारासाठी दवाखान्यात येणारे रोगी ८५ टक्क्यांनी. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १९९१ साली तो वृत्तान्त आला. म्हणजे माशी हा निव्वळ किळसेचा विषय नव्हे. तिला दात नाहीत. घन पदार्थावर ती आपली लाळ आणि पोटातले पाणी ओकते, तो विरघळवते आणि मग शोषून घेते. शिवाय पायांनी चव घेते. घाणीवरून उठून पेढ्यावर बसताना ती पाय पुसत नाही. विषमज्वर, हगवण, पटकी यांचे जंतू आणि डोळ्यांतील खुपऱ्या यांचा प्रवास असा चालतो.

आपल्याकडे हे मर्म ओळखणारी माणसे होऊन गेली. कोकणात कणकवलीजवळ गोपुरी येथे आप्पासाहेब पटवर्धनांनी आयुष्य वेचले ते मैलासफाईच्या प्रश्नावर. मळ मातीने झाकावा, त्याचे खत व्हावे आणि माणसाच्या डोक्यावरून तो वाहून नेण्याची पाळी कोणावर येऊ नये, यासाठी. गाडगेमहाराज कीर्तनाला उभे राहण्याआधी हातात खराटा घेऊन गाव झाडीत. माशी मारण्याचा उपदेश यांतल्या कोणी केला नाही. त्यांनी तिचे शेतच झाडून काढले.

*

"येऊ का एकदा घरी?" सहकाऱ्यांनी विचारले. शनिवारी ते आले. चहाला स्पर्श न करता घरभर फिरले. कोणत्या खोलीत माशा किती, हे उभे राहून मोजले. स्वयंपाकघरात पुष्कळ, दिवाणखान्यात थोड्या, आईच्या खोलीत त्याहून थोड्या. मग त्यांनी मागच्या गच्चीचे दार उघडले.

"हे काय?"

"हे माझे खत," मी अभिमानाने म्हणालो.

मार्चमध्ये मी पर्यावरणावर एक व्याख्यान ऐकले होते आणि त्या भरात ओला कचरा घरीच जिरवायचा संकल्प सोडला होता. एक मोठे पिंप, त्याला बुडाशी भोके. शेजारी गुलाबांसाठी आणलेली शेणखताची गोणी. सुरुवातीला मी कोरडा पाला घाली, दर दोन दिवसांनी ढवळी. मे महिन्यात परीक्षांचे पेपर आले आणि उत्साह ओसरला. आंब्याच्या साली, कोयी, फणसाच्या चारखंडाचे तुकडे तसेच पडत गेले. जूनच्या पावसाची झड पिंपात येऊ लागली. झाकण वाऱ्याने उडाले होते ते मी कुंडीखाली ठेवून दिले होते, बशी म्हणून.

सहकाऱ्यांनी एक काठी मागितली आणि वरचा थर बाजूला केला. वाचकहो, दिवाळी अंकात फराळाच्या शेजारी ठेवण्याजोगे ते दृश्य नव्हे, म्हणून इतकेच सांगतो की पिंप आतून हलत होते. कडेच्या कोरड्या भागात आणि गोणीच्या घडीत तपकिरी कोष होते, बारक्या गव्हाच्या दाण्यांसारखे. मुठीने मोजावे इतके.

"हे तुमचे शेत," ते म्हणाले. "पीक उत्तम आहे."

माझी आई गच्चीच्या दाराशी येऊन उभी राहिली होती. तिने पिंपात पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता आत गेली. ती बोलली असती तर बरे झाले असते.

*

आता उपाय सांगतो. जे केले आणि लागू पडले तेवढेच.

प्रथम माशी ओळखावी. केळ्या-आंब्यांवर घिरट्या घालणारे बारीक ते चिलट. त्याला पिकलेले फळ झाकणे पुरते. मोरीच्या भिंतीवर बसणारी इवलीशी केसाळ माशी मोरीच्या नळातील बुळबुळीत थरात जन्मते. तो थर ब्रशाने खरवडून काढावा, नुसते कढत पाणी ओतून भागत नाही. निळी-हिरवी, चकाकणारी मोठी माशी घरात एकाएकी दिसू लागली तर कोठे तरी उंदीर मेला आहे असे समजावे. आणि करडी, पाठीवर चार काळ्या रेघा असलेली ती घरमाशी. तिच्यासाठी ओला कचरा, शेणखत, मांजराची मातीची पेटी, जिन्याखालची जागा, सोसायटीची कचऱ्याची खोली, हे सर्व पाहावे. आणि पाहणीला आपल्या घरापासून आरंभ करावा!

पिंपातला माल आम्ही दोन जाड पिशव्यांत भरला, तोंडे घट्ट बांधली आणि तीन-चार दिवस कडक उन्हात ठेवून दिल्या. बंद पिशवीतील उष्णतेत अळ्या जगत नाहीत. पिंप घासून वाळवले. गोणीतले शेणखत उन्हात पातळ पसरून खडखडीत वाळवले. अळीला ओल लागते, ओल गेली की ती गेली. मग खत पुन्हा सुरू केले, पण रीतसर. रोजच्या ओल्या कचऱ्यावर दोन बोटे जाडीचा कोरडा थर, वाळका पाला, भुसा किंवा कोरडी माती. ओला भाग उघडा म्हणून दिसता कामा नये. मिश्रण मुठीत दाबले तर पाणी ठिबकू नये. पिंपावर बारीक जाळीचे फडके ताणून दोरीने बांधले आणि वर पावसापासून आडोसा केला. ज्यांना हे नेमाने जमणार नाही त्यांनी खताच्या भानगडीत न पडता ओला कचरा रोज घराबाहेर द्यावा. अंड्याची माशी व्हायला आठ दिवस लागतात. कचरा त्याच्या आत हलला तर माशी कधी जन्मतच नाही. साऱ्या युक्तीचे सार या एका हिशेबात आहे.

दुसरे, खाणे तोडावे. येथे सेनापतिपद आईकडे गेले. तिने माळ्यावरून आपल्या लग्नातले जाळीचे कपाट काढायला लावले. दुधाच्या पातेल्यावर मणी लावलेली क्रोशाची झाकणी आली. खरकटी भांडी रात्रभर मोरीत ठेवायची नाहीत. निदान पाण्याने विसळून पालथी घालायची. जेवण झाले की आधी ओटा पुसायचा, मग पान खायचे. कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण, आणि डबा रोज धुऊन वाळवायचा, कारण बुडाशी साचलेले पाणीच माशीला बोलावते.

तिसरे, वाट अडवावी. डासांसाठी लावतात त्या जाळ्या माशीलाही पुरतात. स्वयंपाकघरातील पंखा चालू ठेवावा. माशीला वारा सोसत नाही, वाऱ्याखालच्या ताटावर तिला नीट उतरता येत नाही. घरात शिरलेल्या माशा घालवायच्या असतील तर उजेडाचा उपयोग करावा. खोलीतले पडदे ओढून काळोख करावा आणि एकच खिडकी उघडी ठेवावी. माशी उजेडाकडे जाते. आमच्या धाकट्याने पट्टी टाकून देऊन हा खेळ पत्करला आणि एका दुपारी बसल्या जागी पंधरा-वीस माशा बाहेर काढल्या. हिंसाही नाही आणि ओटाही स्वच्छ.

चौथे, उरलेल्यांसाठी सापळे. रात्री माशा लोंबत्या तारांवर, दोऱ्यांवर, छताच्या कडांवर विसावतात. जेथे बारीक काळे ठिपके दिसतात ती त्यांची रात्रीची जागा. चिकट पट्टी तेथेच टांगावी, ओट्यावर नव्हे. पट्टी घरीही होते: राळ आणि एरंडेल मंद आचेवर एकजीव करून जाड कागदाला लावावे. राळ पेट घेते, म्हणून हे काम मोठ्यांनी आणि सावधपणे करावे. दुसरा सापळा बाटलीचा. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा तृतीयांश कापून उलटा, नरसाळ्यासारखा आत बसवावा; तळाशी गुळाचे आंबलेले पाणी, अतिपिकले केळे आणि साबणाचे दोन थेंब. साबणाने पाण्याचा ताण मोडतो आणि बसलेली माशी बुडते. हा सापळा घराबाहेर ठेवावा. आत ठेवला तर ते आमंत्रण होते.

पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही. आधीच कोषांतून निघालेल्या माशा आपले आयुष्य पुरे करीत होत्या. धीर सुटण्याची वेळ हीच, आणि फवाऱ्याच्या डब्याकडे हात जातो तो याच आठवड्यात. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस ओट्यावर दिवसाला दोन-तीन माशा दिसू लागल्या. त्या बाहेरच्या असतात, त्या जन्मभर राहणार.

*

एक काम उरले होते, आणि त्याला कोणताही सापळा उपयोगाचा नव्हता.

ऑगस्टच्या सभेत मी पुन्हा उभा राहिलो. या वेळी दोन मिनिटे पुरली. माशा माझ्या पिंपात होत्या, म्हटले. सभेत कोणी हसले, कोणी खोकले. आधीचा ठराव रद्द झाला. टाळ्या पडल्या नाहीत.

मावशी दोन गल्ल्या पलीकडे, एका बंद दुकानाच्या पायरीशी बसत होत्या. तेथे गिऱ्हाईक कमी आणि वरून पागोळ्या. ऐन पावसाळ्याचा दीड महिना त्यांनी तसा काढला होता. मी छत्री मिटून उभा राहिलो. काय बोलावे हे घरून ठरवून निघालो होतो, ते सारे विसरलो.

"मावशी, चूक झाली. माशा आमच्याच घरात जन्मत होत्या. तुम्ही परत या."

त्या मेथीच्या जुड्या बांधीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आईंची धाप कशी हाय?"

"बरी आहे आता."

"बरं झालं." आणखी एक जुडी बांधून झाली. "येते मी, सर. पन आसं तोंडी नगं. सोसायटीचं लिहून आना. तुमी बोलता लई चांगलं. म्हनून तर मी इथं बसलीया."

आजवर मी पुष्कळ लिहिले आहे. समीक्षेचे लेख, दोन प्रस्तावना, पाठ्यपुस्तकातील टिपा. परंतु त्या रात्री सोसायटीच्या कागदावर मी ज्या सहा ओळी लिहिल्या आणि अध्यक्ष व सचिव यांच्या सह्यांनिशी मावशींना नेऊन दिल्या, तितका उपयोगी मजकूर माझ्या हातून दुसरा झालेला नाही. मावशींनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून तागडीच्या डब्यात ठेवला आहे. त्या दिवाळीत आईने फराळाचा पहिला डबा त्यांच्याकडे धाडला, अर्थात झाकण घट्ट लावून.

वर्गात 'माशी शिंकली' मी अजूनही शिकवतो. परवा मागच्या बाकावरून नेहमीचा प्रश्न आला, "सर, पण माशी शिंकते कुठे?"

"शिंकते कोठेही," मी म्हटले. "जन्मते कोठे, ते आधी आपल्या गच्चीत पाहून ये."